सीट शिवून जाणारा चोर

आईबापांनी तिला चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते वापरायची वेळ कोणावर आली नाही. बोलायला लागली तेव्हापासून "हे काय? ते कोणाचं? तो माणूस का रडतोय?" असा तोंडाचा पट्टा सुरू, म्हणून मामा तिला चौकशी म्हणू लागला. मामाचं ऐकून गल्ली म्हणू लागली. पुढे शाळेतल्या बाईंनीही हजेरीला तेच नाव घेतलं आणि विषय संपला.

ती पंधरा वर्षांची असताना लढाई शहराच्या उंबऱ्याशी आली. शाळेच्या इमारतीत पलटण उतरली, मुलांना घरी पाठवलं, आणि चौकशी मामाच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली लागली. बाप आघाडीवर होता. आई फौजेचे कोट शिवणाऱ्या कारखान्यात जायची. मामाचा एक पाय लहानपणीच्या आजाराने बारीक राहिलेला, म्हणून भरतीवाल्यांनी त्याला दारातूनच परत धाडलं होतं. "माझा पाय त्यांना चालला नाही," मामा ऐटीत सांगायचा, "पण त्यांचा टपालवाला माझ्या हाताशिवाय एक चौक ओलांडून दाखवू दे!"

आणि ते खोटं नव्हतं. पेट्रोल सगळं फौजेकडे गेल्यामुळे दाई, दूधवाला, टपालवाला, झाडून सगळे दोन चाकांवर आले होते. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. खिळ्यांवर टायर लटकलेले, कोपऱ्यात पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं, भिंतीवर पाने आणि पकडी थोरल्यापासून धाकट्यापर्यंत टांगलेल्या, खिडकीच्या काचांना काळा कागद. मागे एक पडदा, आणि पडद्याआड तिघांचा संसार. रबराच्या सोल्युशनचा वास पावाला यायचा, उशीला यायचा, केसांना यायचा. चौकशीला तो वास म्हणजेच घर.

अशा दिवसांत गल्लीतल्या सायकलींच्या घंट्या चोरीला जाऊ लागल्या.

आधी दूधवाल्याची गेली. त्याने चोराच्या सात पिढ्यांना दूध नासल्यासारखं तोंड करून शिव्या घातल्या. मग दाईबाईंची गेली. मग टपालवाल्याची. बघता बघता अशी गत झाली की रस्त्यात घंटी म्हणून वाजेना, माणसंच वाजायला लागली. दाईबाई "बाळ येतंय, बाळ येतंय, सरका!" असं ओरडत जायच्या. टपालवाला शीळ घालायचा. दूधवाला गुरं हाकल्यासारखा "हो हो हो" करत यायचा, आणि वळणावर दोघे समोरासमोर आले की शीळ आणि हो-हो यांची टक्कर होऊन दोघे गटारात. पोरांना फुकटचा तमाशा झाला. मोठी माणसं मात्र चिडली. लढाईत माणूस बाँब सहन करतो, पाव अर्धा मिळाला तरी सहन करतो, पण कोणी आपली घंटी नेली की त्याच्या डोक्यात तिडीक जाते.

आणि ती तिडीक उतरली मामाच्या डोक्यावर.

गल्लीच्या बंदोबस्ताला एक काका नेमलेले होते. लढाईआधी छत्र्या विकायचे. बिचारे पावसाळ्यापुरते माणसात. लढाई लागली तशी त्यांच्या दंडाला पट्टा आणि गळ्यात शिट्टी आली, आणि माणूस छत्रीसारखा फटकन उघडला. दिवे झाकले का, हवाई हल्ल्याचा भोंगा झाल्यावर सगळे पक्क्या आसऱ्याला गेले का, हे बघणं त्यांचं काम. बाकी सगळ्यात नाक खुपसणं ही त्यांची हौस. लोक त्यांना शिट्टीकाका म्हणत. त्यांचीही घंटी गेली होती.

एका सकाळी ते घंट्या गेलेल्या चार माणसांना मागे घेऊन दुकानात आले.

"ज्यांच्या ज्यांच्या घंट्या गेल्या," ते मामाला म्हणाले, "ते सगळे तुझे गिऱ्हाईक. याचा अर्थ काय?"

"अर्थ असा की गल्लीत सायकलवाला मी एकटाच आहे," मामा म्हणाला.

"मग दवाखान्यातल्या डॉक्टरांची घंटी कशी जाग्यावर? त्यांची सायकल तुझ्याकडे येत नाही म्हणून!"

"काका, नवी कोरी सायकल आहे ती. आजारी पडली की येईल. डॉक्टरकडे तरी कोण धडधाकट जातं?"

चौकशी फिसकन हसली. काकांना ते आवडलं नाही. त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा ओढून पालथा केला. आतून जुन्या घंट्यांच्या वाट्या, चाव्या, स्प्रिंगा खळखळत बाहेर पडल्या. सायकलच्या दुकानात घंटीचे सुटे भाग सापडले म्हणून आश्चर्य करणं म्हणजे न्हाव्याकडे केस सापडले म्हणून ओरडणं. पण घोळक्याला डोकं नसतं, बोट तेवढं असतं. पाचही बोटं मामाकडे वळली.

"लढाईच्या दिवसांत धातूची चोरी म्हणजे साधी चोरी नव्हे," शिट्टीकाका म्हणाले. "शुक्रवारी दुपारी मी वॉर्ड ऑफिसातून सील घेऊन येतो. तोवर घंट्या आणून ठेव. नाहीतर दुकान बंद. पडद्यापुढेही बंद आणि पडद्यामागेही बंद."

ते गेले. मामा खाली बसला आणि सांडलेल्या स्प्रिंगा एकेक करून डब्यात टाकू लागला. टाकून झाल्यावर त्याने डबा पुन्हा पालथा केला आणि पुन्हा भरायला घेतला. चौकशी हातातलं काम सोडून बघत राहिली. मामा बडबडला, भांडला, पाना फेकून मारला तरी ती घाबरत नसे. गप्प बसलेला मामा तिने कधी पाहिला नव्हता.

गरिबाच्या दुकानाला कुलूप घालायला पुरावा लागत नाही. लाखेची कांडी आणि काडेपेटी पुरते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण त्या दिवशी कळलं.

"मामा, मी चोर शोधते."

"तू आधी त्या दाईबाईंच्या चाकाची हवा बघ," मामा म्हणाला. पण तिला थांबवलं नाही.

ती पहिल्यांदा गेली भंगारवाल्याकडे. धातू गेला की तो तिथेच जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. भंगारवाला तराजूच्या पारड्यात आरामात बसून चहा पीत होता.

"घंट्या? माझ्याकडे?" तो खो खो हसला. "अगं, घंटीत पत्रा असतो कितीसा! तेवढ्यासाठी जीव धोक्यात घालणारा चोर मला भेटला तर मी त्याला उपाशी जाऊ देणार नाही. येडा असेल बिचारा."

"खोटं बोलत असशील तर?"

"तर शोध. तेवढीच झाडलोट होईल."

तिने खरंच शोधलं. हात काळे झाले, फ्रॉक फाटला, एका मांजराने बोचकारलं. घंटी एक नाही. पण एक गोष्ट डोक्यात बसली. ज्याला पैसे नकोत त्याला घंट्या कशाला हव्यात? घंटीचा उपयोग एकच. वाजवायला.

दुसऱ्या दिवशी दूधवाला सायकल घेऊन आला. त्याने मागेच नवं सीट सांगून ठेवलं होतं. जुन्याला एवढी भोकं पडली होती की आतलं गवत त्याच्या पँटला चिकटून घरोघर जायचं. मामाने चौकशीला सांगितलं, "जुनं काढ." तिने पाना लावला आणि थांबली.

"हे तर शिवलंय."

सीटवरची फाट बंद होती. घट्ट, सरळ, दुहेरी टाके. पाऊस लागला तरी पाणी आत जाणार नाही असे.

"हो की," दूधवाला म्हणाला. "तेच म्हणतो, अलीकडे टोचत का नाही! तुझ्या मामाने केलं असणार. मी म्हटलं, पैसे मागितले नाहीत तर आपण कशाला विषय काढा?"

"मी कशाला करू?" मामा आतून म्हणाला. "मला वाटलं तुझ्या बायकोने शिवलं."

"माझी बायको? ती माझी बटणं लावत नाही, सीट शिवते!"

चौकशीने पाना खाली ठेवला आणि रस्त्यावर धूम ठोकली. दाईबाईंची सायकल एका घराबाहेर उभी होती. सीट शिवलेलं. टपालवाल्याची सायकल टपाल कचेरीच्या जिन्याखाली. सीट शिवलेलं. शिट्टीकाका छत्र्यांच्या बंद दुकानापुढे उभे राहून कोणावर तरी खेकसत होते, तेवढ्यात तिने त्यांच्या सायकलवर हात फिरवून घेतला. शिवलेलं! आणि दवाखान्यापुढे डॉक्टरांची ती चकचकीत सायकल. घंटी जाग्यावर, सीट अखंड.

ती पायरीवर बसून आपल्याशीच हसली. चोर घंटी नेत होता आणि बदल्यात सीट शिवून जात होता. ज्याचं सीट फाटकं नाही, त्याची घंटी तो घेतच नव्हता. फुकटचं नको होतं त्याला. असा मानी चोर तिने ऐकलाही नव्हता. आणि सगळी गल्ली घंटीच्या रिकाम्या जागेकडे बघून बोंबलत होती. आपण ज्याच्यावर बसतो तिकडे कोण बघतो?

आता शिवलं कुठे? सगळ्या सायकली रोज सकाळी एकाच ठिकाणी उभ्या राहत. पावाच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीला. रांग पुढून, भिंत वळणाआड. तासभर रांगेत उभं राहायचं आणि सायकल देवाच्या भरवशावर. भिंतीजवळ कोणी पुरुष घुटमळला असता तर चार जणांनी हटकलं असतं. पण रस्त्याच्या कडेला मांडीवर काहीतरी घेऊन शिवत बसलेली बाई? ती जगात कोणाच्या डोळ्यात येत नाही. तिला बघतात ते काम बिघडलं तरच.

आणि दोरा. दोरा खाकी होता. मेण लावलेला, दाताने तुटायचा नाही असा. बाजारात तसला दोरा डोळ्यांना दिसत नव्हता. तो एकाच ठिकाणी मिळायचा, जिथे फौजेचे कोट शिवायचे तिथे. तो कारखाना त्या भिंतीच्याच खाली होता, तळघरात. भिंतीला जमिनीलगत एक जाळीची खिडकी होती, तेवढीच त्या तळघराला हवा. खिडकीपाशी बटाटेवाली बसायची. ही बाई अशी की तुम्ही बटाटे मागितले तर आधी सुनेची गोष्ट ऐकून घ्यावी लागे.

"मावशी, इथे सायकलींपाशी कोण बसतं गं?"

"मला काय माहीत?" बटाटेवाली म्हणाली आणि गप्प झाली.

बटाटेवाली गप्प! चौकशीने तिला नीट न्याहाळलं. स्टूल, टोपली, वजनं. टोपलीच्या कडीला खाकी दोरी बांधलेली, आणि ती दोरी मागे जाळीतून खाली तळघरात गेलेली.

"ही दोरी कसली?"

"बटाटे पळून जाऊ नयेत म्हणून बांधलेत," बटाटेवालीने ठणकावून सांगितलं. "जा आता. तुझ्या आईला विचार काय विचारायचं ते."

तिने आईचं नाव घ्यायला नको होतं. चौकशी तिथेच उभी राहिली. हात आपोआप स्वतःच्या कोटाच्या खिशाकडे गेला. तो खिसा आईने शिवला होता. शेवटचा टाका झाला की आई गाठ वर ठेवत नाही, सुई उलटी आत घालून गाठ कापडाच्या पोटात घेते, म्हणजे बोटाला लागत नाही. चौकशीने खिशाच्या कडेवर बोट फिरवलं. मग दोन पावलं पुढे जाऊन दाईबाईंच्या नुकत्याच आलेल्या सायकलच्या सीटवर फिरवलं. गाठ नाही. ती पोटात होती.

चोर सापडला होता, आणि तो रात्री तिच्याच शेजारी झोपत होता.

संध्याकाळी आई पडद्यामागे बटाटे सोलत होती. मामा बाहेर होता. चौकशी समोर बसली.

"आई, घंट्या कशाला हव्यात तुला?"

आईची सुरी थांबली. सालाची लांब पट्टी तशीच लोंबत राहिली.

"कळलं का? मला वाटलंच होतं, कोणाला कळलं तर या कार्टीलाच कळेल." तिने सुरी ठेवली. "खाली यंत्रं सुरू असली की वरचा भोंगा ऐकू येत नाही, बाई. एक अक्षर नाही. मागे भोंगा झाला, गल्ली आसऱ्याला गेली, विमानं डोक्यावरून गेली, सुटल्याचा भोंगा झाला, आणि आम्ही खाली बाह्या जोडतोय. सुट्टी झाल्यावर वर आलो तेव्हा कळलं. एक जण तिथेच मटकन बसली. तिची दोन लहान पोरं आसऱ्यात 'आई कुठे' म्हणून रडत होती."

"मालकाला सांगायचं ना!"

"सांगितलं. म्हटलं, एक मोठी घंटा लावा, वर माणूस बसवा. तो म्हणतो, घंटा लावली की तुम्ही दर वेळी काम टाकून पळणार, आणि सैनिक काय उघडे लढणार? स्वतः मात्र वर काचेच्या खोलीत बसतो. त्याला भोंगा बरोबर ऐकू येतो. पळतोही तोच पहिला." आईच्या नाकपुड्या फुगल्या. "मग आम्हीच ठरवलं. सायकलची एक घंटी बांधून पाहिली, आवाज गेला यंत्रांच्या पोटात. पाच बांधल्या, तरी नाही. मग म्हटलं, भिंतभर बांधू. काल शेवटची लावली. खरा भोंगा झाला की बटाटेवाली वरून दोरी ओढणार."

"मागायच्या होत्या लोकांकडे."

"मागितल्या असत्या तर तासाभरात मालकाला कळलं असतं. या गल्लीत भिंतींना कान नाहीत, कर्णे आहेत."

"आणि मामा?"

आईने मान खाली घातली. "त्याच्यावर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही. उद्या मी जाऊन सांगणार आहे, मी घेतल्या म्हणून. त्याच्या दुकानाला सील नाही लागू देणार."

"म्हणजे मामाचं दुकान राहील, तुझं काम जाईल, घंट्या उतरवतील, आणि पुढच्या भोंग्याला बाकीच्या खाली बाह्या जोडत बसतील."

"मग काय करू? सांग ना, एवढी शहाणी आहेस तर!"

चौकशीने सुरी उचलली आणि उरलेले बटाटे सोलायला घेतले. हात कामात असले की तिचं डोकं चालायचं. दर शुक्रवारी दुपारी भोंग्याची चाचणी होत असे. आणि त्याच वेळी शिट्टीकाका सील घेऊन येणार होते.

"आई," ती म्हणाली, "बटाटेवालीला सांग, उद्या चाचणीच्या भोंग्यालाच, पण तो संपत आला की, दोरी ओढ म्हणावं. जोरात."

शुक्रवारी शिट्टीकाका आले. हातात लाखेची कांडी, मागे घंटीवंचितांची वरात. आज तर वीस-पंचवीस माणसं. सील लागताना बघायला गर्दी जमते, उघडताना कोणी येत नाही. मामा दारात उभा होता, स्वच्छ सदरा घालून. अपमान व्हायचाच असेल तर तो धुतलेल्या कपड्यात व्हावा, असं त्याचं म्हणणं.

"घंट्या कुठायत?" काकांनी विचारलं.

"मी दाखवते," चौकशी पुढे झाली. "चोरही दाखवते. पण मी नेईन तिथे यायचं."

"आत्ता? भोंग्याची वेळ होतेय. तो ऐकल्याशिवाय मला हलता येत नाही."

"भोंगा कुठूनही ऐकू येतो ना, काका?"

"म्हणजे काय! माझ्या वॉर्डात मेलेल्यालासुद्धा ऐकू येतो!"

"मग चला."

सगळी वरात तिच्यामागे कारखान्याच्या जिन्याने खाली उतरली. दार उघडलं आणि आवाज अंगावर धावून आला. तीस-चाळीस यंत्रं, वर पट्टे, चाकं, खाली पेडलं, आणि छत बुटकं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात खाली माना घातलेल्या बायका. भिंतीलगत तयार कोटांची रांग, जणू पलटण पाठ करून उभी होती. एकही बाई वर बघेना. आई तिसऱ्या यंत्रावर होती, तिचे कान तेवढे लाल झाले होते.

"चोर कुठाय?" काका ओरडले.

"काय?" चौकशी ओरडली.

"चोर! चोर!"

"थोडं थांबा!"

"काय?"

दूधवाला दाईबाईंच्या कानात काहीतरी सांगत होता, त्या भलतंच समजून त्याला चापट मारत होत्या. वरून मालक धावत आला. गोल, गुळगुळीत माणूस, त्याचे हातवारे दिसत होते, शब्द एक कळत नव्हता. काकांनी खिशातून घड्याळ काढलं, कानाला लावलं, हलवलं. मग चौकशीच्या कानाशी तोंड आणून ओरडले, "भोंगा व्हायला हवा होता! वेळ टळून गेली! आज विसरले वाटतं!"

चौकशीने फक्त वर बोट दाखवलं.

आणि कोटांची पलटण वाजली.

ते काही ट्रिंग ट्रिंग नव्हतं. सगळ्या घंट्या एकदम, कोटांआड, एका दोरीला, भिंतभर. यंत्रांच्या वर चढून तो आवाज छताला आपटला. दूधवाल्याने दोन्ही हात डोक्यावर धरले. "ती माझी!" दाईबाई किंचाळल्या. "ती बारीक आवाजाची, ती माझी!" आणि त्या सगळ्या कल्लोळात एक घंटी अशी होती जी सर्दी झालेल्या कोंबड्यासारखी घोगरी वाजत होती. शिट्टीकाकांनी तोंड वासलं. अख्ख्या शहरात असा आवाज फक्त त्यांच्याच घंटीचा होता.

बायकांनी यंत्रांवरून पाय काढले. एक थांबलं, दुसरं थांबलं, मग सगळीच. घंट्या दमून गप्प झाल्या. त्या शांततेत, वरच्या जाळीतून, लांबून, भोंग्याचा शेवटचा सूर उतरत उतरत विरून गेला.

सगळ्यांनी तो ऐकला. काकांनीही.

"वाजत होता?" ते हळूच म्हणाले. "एवढा वेळ वाजत होता?"

"दर वेळी वाजतो, काका," चौकशी म्हणाली. "यांना दर वेळी ऐकू येत नाही. चोर या सगळ्या. घंटी घेतली, सीट शिवून दिलं. बघा बाहेर जाऊन कोणाचं शिवलेलं नाही ते."

"उतरवा ते!" मालक कडाडला. "आणि कामाला लागा! जी उठेल तिचं काम गेलं!"

आई उठली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या उठल्या.

"कामाला लागा म्हणतोय मी!"

आईने कानाला हात लावला. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. "ऐकू येत नाही, मालक," ती म्हणाली. "इथे खाली काहीच ऐकू येत नाही. तुम्हाला माहीतच आहे."

पहिल्यांदा दाईबाई हसल्या. मग दूधवाला. मग सगळं तळघर हसायला लागलं, आणि हसणाऱ्या माणसांपुढे मालकाचं काही चालत नाही. घाबरलेल्यांपुढेच चालतं.

शिट्टीकाका मात्र हसत नव्हते. घाम पुसत होते. त्यांच्या वॉर्डात, त्यांच्या शिट्टीखाली, चाळीस बायका भोंग्याशिवाय बसत होत्या, आणि ही गोष्ट वर कळली तर दंडावरचा पट्टा जाणार होता. क्षणभर माणूस मिटला. आणि मग पुन्हा फटकन उघडला.

"या घंट्या कोणी उतरवायच्या नाहीत!" ते म्हणाले. "हा वॉर्डाचा बंदोबस्त आहे. मी... मीच करवून घेतलाय. घंटा नसेल तर कारखाना बंद. कोणाची तक्रार आहे?"

दूधवाल्याने डोकं खाजवलं. "तक्रार नाही. पण माझ्या टोपलीचा पट्टापण उसवलाय, तेवढा शिवून मिळेल का?"

बाहेर आल्यावर चौकशी फणफणली. "मी करवून घेतलाय म्हणे! आई, तू बोलली का नाहीस?"

"घंट्या राहिल्या ना?" आई म्हणाली. "मग नाव त्याचं असू दे. नावाला आवाज नसतो."

मामा अजून खालीच होता. तो सावकाश लंगडत भिंतीपाशी गेला, कोट बाजूला सारले आणि घंट्यांची बांधणी बघून त्याने कपाळाला हात लावला. परत वर आला तेव्हा बहिणीकडे बघेना.

"ताई, हे असं बांधतात? महिनाभरात गंजतील सगळ्या. तेल कोण घालणार?"

"रागावलास ना?"

"दुकानाला सील लागत होतं माझ्या."

"लागू दिलं नसतं."

"माहीत आहे," मामा म्हणाला. मग हातावरची धूळ झाडत, "पण सांगितलं असतंस तर चांगल्या आवाजाच्या निवडून दिल्या असत्या. तो काकांचा कोंबडा कशाला घेतला?" त्याने शिक्षा फर्मावली: दुकानातली सगळी फाटकी सीटं ताईने शिवायची. आणि दर रविवारी तो तेलाची कुपी घेऊन खाली जाऊ लागला.

पुढच्याच महिन्यात खरा भोंगा झाला. बटाटेवालीने दोरी अशी ओढली की टोपली उलटली. बायका जिना चढून आसऱ्यात पोचल्या, मालकाच्याही आधी. बाँब पडून जिन्याचं तोंड विटांनी बुजून गेलं ते त्यानंतर. आत कोणी नव्हतं. मामाने ढिगाऱ्यातून घंट्या काढल्या, चेपल्या होत्या त्या ठोकून सरळ केल्या, आणि कारखाना पुन्हा उभा राहिला तेव्हा सगळ्यात आधी त्या भिंतीवर चढवल्या.

चौकशी पुढे त्या दुकानाची मालकीण झाली. आघाडीवरून बाप आला, म्हातारा होऊन, आणि हवा भरायच्या पंपाशी बसू लागला. गल्लीत कोणाचं काही हरवलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, की लोक तिच्याकडे येत. ती पहिल्यांदा सायकलचं सीट बघायची, मग माणसाचं तोंड.

पण त्या पडझडीनंतरची एक सकाळ ती रंगवून सांगायची. दवाखान्यातले डॉक्टर दुकानात आले. गल्लीत वाजणारी घंटी तेवढी एकच उरली होती, त्यांची. त्यांनी ती स्वतःच्या हाताने सोडवून आणली होती, आणि ती त्यांनी फळीवर ठेवली.

"तुमच्या भिंतीला लावा," ते म्हणाले.

आईने घंटी परत सरकवली. "तुमचं सीट धड आहे, डॉक्टर. बदल्यात काय शिवू मी? फुकटचं आम्ही घेत नाही."

डॉक्टर गोंधळले. तेवढ्यात मामा कुठूनसा पत्रा कापायची सुरी घेऊन आला, बाहेर जाऊन डॉक्टरांच्या चकचकीत सीटला त्याने वीतभर चीर दिली, आणि आत येऊन हात झाडले.

"ताई, सुई काढ," तो म्हणाला. "फाटलंय."